आशालताबाईंचा बाक

नवीन पनवेलात त्या काळी सगळं आखलेलं होतं. रस्ते पट्टीने आखलेले, इमारती पट्टीने आखलेल्या, झाडंसुद्धा पट्टीने आखलेली. फक्त ती अजून उगवायची होती. वसाहत कार्यालयाच्या भिंतीवर जो रंगीत नकाशा लावला होता, त्यात प्रत्येक चौकात हिरव्या ठिपक्यांखाली माणसं गप्पा मारत बसलेली दाखवली होती. प्रत्यक्षात चौकात दिव्याचा एक खांब आणि खांबाला बांधलेली एक शेळी असे. शेळी बसत असे. माणसांना बसायला जागा नव्हती.

हे लक्षात यायला कमलाकर दिघ्यांना निवृत्त व्हावं लागलं. पाटबंधारे खात्यात असताना त्यांना बसण्याची उणीव कधी भासली नव्हती. सरकारी नोकरीत ती भासत नाही.

आता खरं म्हणजे माणसाला बसायला किती जागा लागते? कीर्तनाला जाणाऱ्याला विचारा. वीतभर. तळ्याकाठच्या देवळात कीर्तन असलं की कमलाकरराव समया लागायच्या आधी जाऊन आपल्या खांबाला टेकत. हा खांब म्हणजे सीमारेषा. त्याच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. आशालताबाई मात्र दूध तापवून, झाकून, त्यावर पाटा ठेवून, शेजारणीला पाण्याचं सांगून निघायच्या, त्यामुळे बुवांचं नमन संपून निरूपणाचा अभंग सुरू झाला की त्या उगवायच्या. तोवर खांबापलीकडची जागा भरलेली असे. मग त्या वाकून हळूच म्हणायच्या, "सरका जरा." कमलाकरराव कपाळाला आठ्या घालत आणि सरकत. दोघांचे गुडघे खांबाच्या दोन बाजूंनी एकमेकांना लागत. चांगली तीस-बत्तीस वर्षं हे चाललं, आणि त्यात एकदाही सरकताना कमलाकररावांनी आठी घालायचं चुकवलं नाही.

आशालताबाई गेल्या त्याला दोन वर्षं होत आली होती. कमलाकरराव अजून कीर्तनाला जात आणि त्याच खांबाला टेकत. पण आता ते आपण होऊन आधीच सरकून बसत, आणि ती वीतभर जागा शेवटच्या आरतीपर्यंत तशीच राही. बुवा समोर कितीही रंगले तरी त्या जागेवर काही बुवांची सत्ता चालत नसे.

बडोद्याहून मुलगा सत्यजीत वाण्याच्या फोनवर म्हणाला, "बाबा, रंगीत टीव्ही घ्या. करमेल." घेतला. टीव्हीत माणसं पुष्कळ होती, पण ती सगळी आपापल्या जागी बसलेली. त्यांच्यापैकी कुणाला सरकून हवं नव्हतं.

इमारतीत तर संध्याकाळी सातनंतर दारं बंद. आतलं लाकडी, बाहेरचं जाळीचं, मध्ये साखळी. जिन्यात कुणी भेटलं तर "काय काका, बरंय ना?" म्हणे आणि उत्तर मिळेपर्यंत एक मजला वर गेलेलं असे. तेव्हा कमलाकररावांच्या मनाने घेतलं की इमारतीसमोर एक बाक हवा. बाक असला की माणूस बसेल. एक बसला की दुसरा म्हणेल, सरका जरा. विचार इतका सरळ होता की त्यात काही घोळ होऊ शकेल असं कुणालाही वाटलं नसतं.

वसाहत कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज आधी सुलटा आणि मग उलटा वाचला.

"बाक उद्यान या सदरात येतो," तो म्हणाला. "तुमच्या इमारतीसमोर रस्ता आहे. रस्त्याच्या सदरात दिव्याचा खांब येतो. खांब देऊ का?"

"खांब आहे."

"मग दुसरा देतो."

कमलाकररावांना राग आला नाही. स्वतः जन्मभर लोकांना सदरं दाखवलेली; परमुलखात गावची बोली कानावर पडावी तसं त्यांना बरं वाटलं. ते पुन्हा गेले, पुन्हा गेले, आणि शेवटी कारकुनालाच त्यांची सवय झाली.

"असं करा," तो एकदा आवाज उतरवून म्हणाला, "तुम्ही बाक देणगी द्या. देणगीला सदर लागत नाही. मात्र कुणाच्या तरी स्मरणार्थ पाहिजे. नुसता बाक घेता येत नाही. घरात कुणी वारलंय का?"

"मंडळी गेली."

"मग झालं तर," कारकून म्हणाला. काम मार्गी लागल्याचा निखळ आनंद त्याच्या तोंडावर पसरला, आणि लगेच तो ओशाळला. "म्हणजे, वाईट झालं. नाव ठळक दिसलं पाहिजे एवढी अट आहे. आणि बाकाला पाठ नको. मंजूर नमुन्यात पाठ नाही."

"पाठ का नाही?"

"पाठ दिली की लोक रेलतात. रेलले की झोपतात. झोपले की राहायला येतात."

तेव्हा बाक आला तो पाठीविना. खाली सिमेंटचे दोन ठोकळे, वर एक लांब लादी. नाव लिहायला उरणकडचा बुधाजी पेंटर आणला. बुधाजीचा हात होड्यांवर बसलेला. कोळ्यांच्या होड्यांची नावं तो अशी रंगवी की होडी बुडाली तरी नाव तरंगेल. त्याने लादीभोवती एक फेरी मारली.

"नाव वर लिवतो," तो म्हणाला.

"वर लोक बसणार, बुधाजी. बाजूच्या कडेवर लिही."

"कडंवर चार बोटं जागा नाय. खालच्या ठोकल्यावर लिवलं त कोन वाचल? कुत्रं वाचल." बुधाजीने ब्रश कानावर ठेवला. "आनि कागदात ठलक म्हनलंय ना? मंग."

अटीपुढे इलाज नव्हता. बसायच्या जागेवर, अगदी मधोमध, पिवळ्या अक्षरांना निळी सावली देऊन 'कै. सौ. आशालता कमलाकर दिघे यांच्या स्मरणार्थ' असं उमटलं. दोन्ही टोकांना सवयीने बुधाजीने एकेक मासा काढला होता. कमलाकररावांनी नकारार्थी मान हलवली. आशालताबाईंनी आयुष्यात मासा फक्त मत्स्यावतारात पाहिलेला. बुधाजीने माशांवर कमळं काढली आणि ब्रश पुसत म्हणाला, "मासा खाली हाय बरा. जित्ता हाय. कमल पातल रंगात मारलंय."

इथवर दोष कुणाचा नाही. यापुढचा सगळा कमलाकररावांचा.

भाविक माणसाच्या हाती नवी वस्तू आली की तो आधी तिला हळदकुंकू लावतो. घरी मिक्सर आला तेव्हा लावलं होतं, टीव्हीला लावलं होतं, मग बाकाने काय पाप केलं होतं? गुरुवारचा दिवस धरला. बाकाला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, उदबत्ती लावली. सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजीत मोहिते यांनी भाषण केलं. मोहिते विमा कंपनीत असल्यामुळे मृत्यू या विषयावर त्यांचा हात मोकळा होता. भाषणाच्या शेवटी त्यांनी बाकाला नमस्कार केला. ते बघून त्यांच्या मागच्यांनी केला, त्यांच्या मागच्यांनीही केला, सगळ्यांनी पेढे घेतले आणि सगळे घरी गेले.

संध्याकाळी कमलाकरराव खिडकीत उभे राहून वाट बघत होते. वरच्या मजल्यावरचा अविनाश तळोजाच्या कारखान्यातली पाळी संपवून आला, बाकापाशी थबकला, चपला काढल्या, हात जोडले, चपला घातल्या आणि जिना चढला.

दुसऱ्या दिवशी बाकावर कुणीतरी जास्वंदीचं फूल ठेवलं होतं.

आशालताबाईंना धुळीचा मोठा तिटकारा, आणि तळोजाकडून वारा सुटला की सगळ्या वसाहतीवर करडी पूड बसे. म्हणून कमलाकरराव रोज आंघोळीनंतर, सोवळं नव्हे पण धूत धोतर नेसून, तांब्याभर पाण्याने बाक धूत. फूल निर्माल्यात टाकायला जीव होईना म्हणून तिथेच नीट ठेवत. आता विचार करा, नुकताच न्हालेला, धोतर नेसलेला एक वृद्ध गृहस्थ रोज सकाळी एखादा दगड धुऊन त्यावर फूल ठेवतोय, असं दिसल्यावर कोकणातला कुठला माणूस त्या दगडावर बसेल?

परीक्षा आल्या तशी शाळेची पोरं बाकाला हात लावून तो हात कपाळाला लावू लागली. नव्या स्कूटरी आधी बाकासमोर उभ्या राहू लागल्या. पलीकडच्या इमारतीतल्या महिला भजनी मंडळाला तर जागाच हवी होती. एका गुरुवारी त्यांनी बाकासमोर सतरंजी अंथरली, बाकावर देवाची तसबीर आणि समई मांडली आणि चांगलं तासभर भजन केलं. कमलाकररावांनी टाळ धरला. त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी घराबाहेर पडला होता. आधी खरखरला, मग लागला. गजर तर असा झाला की खांबाची शेळी उठून उभी राहिली. पण प्रसाद वाटून झाल्यावर बायका आपापल्या चपला शोधत निघून गेल्या, आणि सतरंजीची घडी घालायला कमलाकरराव एकटे उरले. लांब सतरंजीची घडी घालायला समोर एक माणूस लागतो. त्यांनी दुसरं टोक बाकाखाली दाबून कशीबशी घातली.

सल्ले भरपूर मिळाले. मोहिते म्हणाले, "काका, वर पत्र्याची शेड टाकू. ऊन लागतं म्हणून लोक बसत नाहीत." शेड टाकली असती तर कळसच काय तो राहिला असता. अविनाश मात्र जांभया देत खरं बोलला. "काका, तुम्ही चपला घालून त्याच्यावर ऐसपैस बसा. बाकीचे आपोआप बसतील."

"बसेन की," कमलाकरराव म्हणाले, आणि विषय बदलून तळोजाच्या वासाकडे नेला.

याच दिवसांत अरुंधती आली. पंचविशीतली मुलगी, खादीचा झब्बा, गळ्यात कॅमेरा. मुंबईत डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेतून तिला वसाहत कार्यालयाने बोलावलं होतं. आखणाऱ्यांनी आखलेल्या शहरात लोक प्रत्यक्षात कसे राहतात ते बघून कळवायचं, असं तिचं काम. ती आधी वाटेल तिथे उभी राहून नुसती बघत राही, त्यामुळे मोहित्यांना ती इन्कमटॅक्सची वाटली. कमलाकररावांनी तिला सरळ घरी चहाला बोलावलं. एकट्याच्या चहाचं प्रमाण त्यांना अजून बसलं नव्हतं. रोज दोन कप होई आणि दुसरा गार होई. त्या दिवशी तो गरम असतानाच प्यायला गेला.

"म्हणजे तू नेमकं काय शिकतेस, बाळ?"

"वस्तू बनवणारा मनात एक धरून बनवतो, काका. लोक आपल्या चालीरीतींप्रमाणे तिचं वेगळंच काही करतात. वर बसून नियम करणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नसतं. तर या तिघांच्या मध्ये उभं राहून बघायचं. माणसांचा अभ्यास, पण जंगलात जाऊन नाही, चौकात."

कमलाकररावांचा चेहरा उजळला. "हे तर कीर्तनासारखंच. बुवा सांगतात एक, श्रोता घरी नेतो भलतंच. बुवा वैराग्यावर बोलले की आमच्या घरात दुसऱ्या दिवशी पुरणपोळी व्हायची, कारण त्यातल्या राजाच्या पंगतीचं वर्णन हिला आवडायचं. पण तुमच्यात तो नियमवाला तिसरा कोण? देवस्थानचे ट्रस्टी?"

"अगदी तेच," अरुंधती हसत म्हणाली.

मग कमलाकरराव तिला घेऊन निघाले. वसाहतीत लोक कुठे बसतात ते त्यांनी तिला सगळं दाखवलं. पिठाच्या गिरणीची पायरी. ठेकेदाराने टाकून दिलेला विटांचा ढीग. पाण्याच्या टाकीचं झाकण. उभ्या स्कूटरची सीट. उरणहून सकाळच्या एसटीने येणारी गुणाबाई मासेवाली तर दुपारी आपल्याच उपड्या पाटीवर बसे. बसण्यासाठी म्हणून केलेली वस्तू तेवढी रिकामी होती. अरुंधतीने सगळ्याचे फोटो काढले. बाकाला नमस्कार करणाऱ्या अविनाशचाही काढला. मग तिने सहज विचारलं, "काका, तुम्ही बसलात कधी यावर?"

कमलाकररावांनी उत्तरादाखल तिला कीर्तनातल्या पूर्वरंग आणि उत्तररंगातला फरक समजावून सांगितला. तो इतका सविस्तर सांगितला की तिची परतीची एसटी चुकली.

महिन्याभरात पत्र आलं. विषय: सार्वजनिक जागेवरील अनधिकृत प्रार्थनास्थळ हटविणेबाबत.

कमलाकरराव पत्र घेऊन कार्यालयात गेले तेव्हा कारकुनाने ओळख दाखवली, हे त्याचं मोठेपण.

"आम्ही बाक म्हणून परवानगी दिली होती. देऊळ म्हणून नाही."

"अहो, तो बाकच आहे."

"त्या मॅडमनी अहवाल दिला. तो जाड होता, म्हणून साहेबांनी त्यातलं एक वाक्य काढून अतिक्रमण विभागाला पाठवलं. 'यावर कोणी बसत नाही, लोक याला देवस्थान मानतात.' आता मला सांगा, ज्यावर कोणी बसत नाही तो बाक कसा?"

इतकं चोख कारण कमलाकररावांनी स्वतःच्या नोकरीतही कधी दिलं नव्हतं.

"मग मी काय करू?"

"मंगळवारी दुपारी चारला आमची माणसं येतील. तेव्हा कुणी बसलेलं दिसलं तर बाक. नाही दिसलं तर टेंपो."

तो सोमवार कमलाकररावांना जड गेला. हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यावं तसे ते दारोदार फिरले. "उद्या चारला जरा बसायला या. खाली. बाकावर." जाळीच्या दारांतून उत्तरं आली. मोहिते म्हणाले, सेक्रेटरी या नात्याने आपल्याला तटस्थ राहावं लागेल. अविनाशची नेमकी दुसरी पाळी होती. पहिल्या मजल्यावरच्या मिताली वहिनींनी तर कानांना हात लावले. "आशाताईंच्या नावावर बसू मी? मला लोणचं घालायला शिकवलं हो त्यांनी. दुसरं काही सांगा, भाऊजी." सगळ्या इमारतीत आशालताबाईंबद्दल वाईट बोलणारं एक माणूस सापडलं असतं तर बाक वाचला असता. तसं एकही नव्हतं. आपल्या बायकोच्या चांगुलपणाने आपण इतके अडचणीत येऊ, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मंगळवारी टेंपो आला. त्यातून निरीक्षक काशीराम घरत उतरले. जाडजूड गृहस्थ, काखेत फाइल, एका गुडघ्यावर पट्टा. मागोमाग एसटीतून उतरून धावत अरुंधती आली. तिचं तोंड उतरलं होतं.

"काका, मी त्यात पुढे लिहिलं होतं की बाकाची जागा आणि नाव बदलून बघावं. पुढचं कुणी वाचलंच नाही." मग ती घरतांकडे वळली. "साहेब, मी बसते यावर."

"तुमी नका बसू, मॅडम. तुमी रिपोर्टवाल्या. उद्या म्हनतील सायबांनी रिपोर्टच बसवून घेतला."

घरतांनी मजुरांना खूण केली. दोघं मजूर पहारी घेऊन बाकापाशी गेले. सकाळचं फूल, उदबत्तीची राख, पिवळं नाव. त्यांनी पहारी खाली ठेवल्या, पायताणं काढली आणि हात जोडले.

"सायेब, नारल फोडल्याबिगर हात नाय लावनार."

"अरे, सरकारी काम हाय."

"सरकारला पोरंबालं नाय. आमाला हायत."

घरत हताश झाले. इकडे कमलाकररावांच्या अंगातला यजमान जागा झाला. दारात आलेल्या माणसाचं शुभकार्य नारळावाचून अडलंय, हे काही त्यांना पाहवेना. "थांबा, घरात आहे," म्हणून ते आपलाच बाक उखडण्यासाठी आपलाच नारळ आणायला गेले. माणसाला सवयी लागतात त्या अशा.

नारळ घेऊन खाली आले तेव्हा एका मजुराने नुसतं जोखायला म्हणून लादीखाली पहार सारली होती. लादी एका टोकाला किंचित उचलली गेली. फूल घसरून खाली पडलं. आशालताबाईंना घरातून नेलं तेव्हा जिन्याच्या वळणावर असंच एक टोक उचललं गेलं होतं, आणि कमलाकरराव तेव्हाही हातात काहीतरी धरून, भांडं की काय, नुसते बघत उभे होते.

ते पुढे गेले आणि बसले.

अगदी टोकाला, कमळावर. नावाला धोतराचा काठसुद्धा लागणार नाही असे, नारळ मांडीवर घेऊन, मुंजीतल्या बटूसारखे ताठ. लादी धपकन खाली आली.

"उठा, काका," घरत म्हणाले.

"नाही."

"मग मना पंचनामा करावा लागल. एक इसम बसलाय म्हनून."

"करा."

घरतांनी फाइल उघडली. उभ्याने लिहायचा प्रयत्न केला. कागद वाऱ्याने उडू लागला. टेंपोच्या बॉनेटवर ठेवून पाहिला. हाताला चटका बसला. त्यांनी चौफेर नजर टाकली. रस्ता, खांब, शेळी. गिरणीची पायरी लांब, विटांचा ढीग त्यांनीच गेल्या आठवड्यात उचलून नेलेला. त्या सगळ्या पट्टीने आखलेल्या मुलखात एका सरकारी नोकराला गुडघा दुमडायला जागा नव्हती. ते बाकापाशी आले, पट्ट्यावरून हात फिरवला आणि लिहिण्याच्या नादात, वर न बघता म्हणाले,

"सरका जरा."

कमलाकररावांच्या कपाळाला आठी पडली. आपोआप पडली. आणि ते सरकले.

सरकले ते थेट नावावर. दुपारच्या उन्हाने लादी तापलेली होती. त्यांना वाटलं होतं काहीतरी होईल. आभाळ नाही तरी निदान खालची लादी कोसळेल. पण काही कोसळलं नाही. फक्त शेजारी एक जाड गुडघा येऊन त्यांच्या गुडघ्याला लागला.

घरत लिहू लागले. लिहिताना मोठ्याने म्हणायची त्यांना खोड होती. "सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता, सदर वास्तूवर कोणीही बसत नसल्याचे..." पेन थांबलं. त्यांनी शेजारी पाहिलं. मग खाली, स्वतःकडे पाहिलं. मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं. अरुंधतीने कॅमेरा वर केला, आणि विचार करून पुन्हा खाली घेतला.

नेमकी तेव्हाच गुणाबाई रिकामी पाटी घेऊन तिठ्यावरून येत होती. "काय वाटप हाय का काय?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता घरतांना कोपर मारलं. "सरा वायसं तिकडं, निरीक्षक. सकालधरनं उबी हाय मी." पाटी बाकाखाली गेली. माशांचा वास वर आला. कमलाकररावांनी आशालताबाईंची मनातल्या मनात क्षमा मागितली. पण एक खरं, तो वास येताच बाकाचं देवपण जे उठलं ते पुन्हा वस्तीला आलं नाही.

"आता हो, सायेब?" मजुराने विचारलं.

"आता काय," घरतांनी कागद घडी करून खिशात टाकला. "आनलाय त फोडा नारल."

नारळ लादीच्या कडेवर फोडला. सगळ्यांनी खोबरं खाल्लं. मजुरांनी चपला घातल्या आणि जागा नसल्यामुळे ठोकळ्यांना टेकले. पहिल्या मजल्यावरून मिताली वहिनींनी हे दृश्य पाहिलं आणि गुळाचा खडा घेऊन खाली आल्या, कारण नुसतं खोबरं ठसका लावतं. त्या बसल्या नाहीत. पण उभ्या राहिल्या बराच वेळ.

पुढे अरुंधतीचा तो अहवाल कुणी पुरता वाचला की नाही, देव जाणे. वसाहतीत आणखी बाक आले, पण त्यांवर नावं नव्हती. पाठीही नव्हत्या.

माणसं बसू लागली ती अशी, हळूहळू. बोलणं होई ते पाणी, पगार, तळोजाचा वास आणि कुणाच्या तरी मेहुण्याची बदली यांबद्दल. आशालताबाईंचं नाव त्यात येत नसे. कमलाकररावांना आधी ते टोचलं. मग वाटलं, कीर्तनातही त्यांचं नाव कधी आलं नव्हतं. पण त्या होत्या. सकाळी ते बाक अजून धूत, पण आता आंघोळीआधी, लेंग्यावर. बसून बसून नाव झिजत चाललं होतं. 'कै. सौ.' गेलं, 'स्मरणार्थ' गेलं. टोकांची कमळं तर सगळ्यात आधी उडाली आणि खालून बुधाजीचे मासे वर आले, डोळे उघडे, टवटवीत. गुणाबाईने त्यांना ओळख दिली. बुधाजी एकदा ब्रश घेऊन आला नि म्हणाला, "पुन्ना मारू का नाव?" लादीवरची धूळ पुसत कमलाकरराव म्हणाले, "राहू दे."

चैत्रात तळ्याकाठी एक नवे बुवा आले होते. उत्तररंग फार सुंदर झाला. कमलाकरराव खांबाला टेकून, वीतभर जागा सोडून बसले, आरती घेतली आणि रेंगाळत परत आले. इमारतीसमोर येऊन बघतात तर बाक भरलेला. अविनाश होता, मोहिते होते, मिताली वहिनी कुणाचंतरी मूल मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि पाण्याच्या वेळेवरून वाद रंगात आला होता. ते समोर उभे राहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

कमलाकरराव जन्मभर सगळीकडे वेळेआधी जाऊन बसलेले. उशिरा येऊन जागा मागायची कशी, हे त्यांना माहीत नव्हतं. ते काम घरात दुसऱ्या माणसाकडे होतं. ते थोडे वाकले. आवाज हळू ठेवला, कारण निरूपण चालू असताना मोठ्याने बोलायचं नसतं.

"सरका जरा."

मोहित्यांनी बोलता बोलता कपाळाला आठी घातली आणि सरकले. मिताली वहिनीही सरकल्या. मधोमध वीतभर जागा झाली, तिथे पिवळ्या रंगाचं एकच अक्षर उरलं होतं. कमलाकरराव त्यावर बसले. बुक्क्याचा हात धोतराला पुसला, आणि पाणी सहाला येतं की साडेसहाला, या वादात आपलं मत दिलं.